पेण ते रोहा पायी: माणसाच्या चालण्याला इंधन किती लागतं?

पेणहून रोह्याला जायचं तर सुमारे ४० किलोमीटरचं अंतर पडतं. रेल्वेने कासू आणि नागोठणे ही स्टेशनं मागे टाकत माणूस तासाभरात पोहोचतो. मोटारसायकलने लिटरला ५० किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं, तर पाऊण लिटरहून थोडं जास्त पेट्रोल जळतं. पण समजा ६० किलो वजनाचा एखादा माणूस हे अंतर पायी चालला, तर त्याला किती इंधन लागेल?

उत्तर ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. सपाट रस्ता आणि सावकाश-झपझप यांच्या मधला वेग धरला, तर चालण्यासाठी लागणारी जास्तीची ऊर्जा होते सुमारे १,२०० किलोकॅलरी. (पाकिटावर जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतात, ती हीच.) म्हणजे तांदळाच्या जरा मोठ्या अशा सहा भाकऱ्या. मोटारसायकलने जाळलेल्या पेट्रोलमधली ऊर्जा याच मापात मोजली तर ती ६,००० किलोकॅलरीच्या वर जाते. म्हणजे गाडीला पाचपट इंधन लागलं. अर्थात गाडी तासाभरात पोहोचते आणि चालणाऱ्याला मुक्काम सोडून आठ-साडेआठ तास लागतात, हा भाग वेगळा. शिवाय भाकरीचे तांदूळ पिकवायला, आणायला आणि शिजवायला लागलेली ऊर्जा या हिशेबात धरलेली नाही.

तरीही आकडा लहानच आहे. माणसाचं शरीर चालण्याच्या बाबतीत कमालीचं काटकसरी आहे. ही काटकसर येते कुठून, ती मोजतात कशी आणि ती कधी मोडते, हे समजून घेण्यासाठी पेण आणि रोह्याचा परिसर अगदी सोयीचा आहे. इथे सपाट खारेपाट आहे, चढाचे डोंगर आहेत, डोक्यावर मोळी घेऊन बाजारात उतरणाऱ्या बायका आहेत आणि देशातल्या सगळ्यांत मोठ्या पदयात्रीचं जन्मगावही आहे.

गागोद्याचा माणूस

विनोबा भाव्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. मार्च १९५१ मध्ये ते वर्ध्याजवळच्या पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. तिथून पुढे तेलंगणात फिरताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी १०० एकर जमिनीचं पहिलं दान मिळालं आणि भूदान चळवळ सुरू झाली. त्यानंतर विनोबा चालतच राहिले. १९६४ च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परतले तेव्हा तेरा वर्षं झाली होती. एकूण अंतराचे वेगवेगळे आकडे दिले जातात, ५८ हजार किलोमीटरपासून ७० हजार किलोमीटरपर्यंत. कमीतला आकडा धरला तरी तो पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या जवळजवळ दीडपट भरतो.

निघाले तेव्हा त्यांचं वय ५५ होतं. पोटाचं दुखणं जुनं होतं आणि आहार अगदी मोजका. साहजिकच प्रश्न पडतो, एवढ्याशा खाण्यावर हे जमलं कसं?

यात चमत्कार नाही, हिशेब आहे. विनोबा रोज साधारण दहा ते बारा मैल, म्हणजे १६ ते १९ किलोमीटर चालत. ५० किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर १६ किलोमीटर चालायला जास्तीची ऊर्जा लागते सुमारे ४०० किलोकॅलरी. दोन भाकऱ्या. सहा-सात वाट्या दूध म्हटलं तरी चालेल. इच्छाशक्ती किती लागली हे कोणत्याही यंत्राने मोजता येणार नाही, पण इंधन मात्र फार लागलं नाही. त्यातून ते पहाटे, उजाडायच्या आत निघत. गारव्यात शरीराला घाम गाळून थंड राहण्याचा त्रास कमी होतो, त्यामुळे त्याच अंतराला हृदयावरचा ताण कमी पडतो.

‘कार्यक्षमता’ हा शब्द इथे जरा फसवा आहे

यंत्राची कार्यक्षमता म्हणजे उपयोगी काम भागिले खर्च झालेली ऊर्जा, हे शाळेत शिकवलेलं असतं. विहिरीवरचा पंप किती पाणी किती उंच चढवतो आणि त्यासाठी किती वीज खातो, यावरून त्याची कार्यक्षमता काढता येते. चालण्याला हे सूत्र लावायला गेलं की गंमत होते.

पेणही समुद्रसपाटीजवळ आणि रोहाही समुद्रसपाटीजवळ. चालणारा पेणला उभा होता, आता रोह्याला उभा आहे. त्याची उंची वाढली नाही, वेग शिल्लक नाही. भौतिकशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने त्याने केलेलं निव्वळ काम जवळजवळ शून्य! म्हणजे कार्यक्षमताही शून्य. सहा भाकऱ्या खाल्लेल्या माणसाला हे सांगून पाहावं.

म्हणून चालण्याच्या अभ्यासात दुसरं माप वापरतात: एक किलो वजन एक किलोमीटर नेण्यासाठी किती ऊर्जा लागली. याला वाहतूक खर्च म्हणता येईल. सपाट, टणक जमिनीवर, सोयीच्या वेगाने चालणाऱ्या निरोगी प्रौढ माणसात हा खर्च दर किलोला दर किलोमीटरला साधारण अर्धी किलोकॅलरी असतो. यात नुसतं बसून राहायलाही लागणारी ऊर्जा धरलेली नाही. ती धरली तर आकडा ०.७ च्या आसपास जातो. वरचे पेण-रोह्याचे आणि विनोबांचे हिशेब या अर्ध्या किलोकॅलरीवरच केले आहेत. धावताना हाच खर्च जवळजवळ दुप्पट, म्हणजे एक किलोकॅलरी होतो.

आपल्या जवळच्या नातलगांशी तुलना केली तर फरक जास्त ठळक दिसतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंपांझींना ट्रेडमिलवर दोन पायांवर आणि चार पायांवर चालवून पाहिलं. माणसाचा चालण्याचा खर्च त्यांच्यापेक्षा सुमारे ७५ टक्क्यांनी कमी निघाला.

काटकसर येते कुठून? उलट्या लंबकातून

चालताना एक पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि धड त्याच्यावरून पुढे जातं. जुन्या घड्याळाचा लंबक वर टांगलेला असतो आणि खाली झुलतो. इथे टांगायची जागा खाली, टाचेपाशी, आणि झुलणारं वजन वर, कमरेपाशी. म्हणून याला उलटा लंबक म्हणतात.

पाऊल टेकलं की शरीर त्या पायावर चढतं आणि थोडं मंदावतं. पाय सरळ उभा झाला की शरीर सगळ्यात उंच आणि वेग सगळ्यात कमी. तिथून पुढे शरीर उतरू लागतं आणि वेग पुन्हा वाढतो. चढउतार असते फक्त पाचेक सेंटिमीटरची, पण तेवढ्यात वेगाची ऊर्जा उंचीत आणि उंचीची ऊर्जा वेगात बदलत राहते. जोव्हान्नी काव्हान्या या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे मोजून दाखवलं. सोयीच्या वेगाने चालताना ऊर्जेचा सुमारे ६५ टक्के भाग या अदलाबदलीतून परत मिळतो. उरलेला स्नायूंना पुरवावा लागतो.

मग तो उरलेला भाग वाया कुठे जातो? बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. त्याची लोखंडी धाव आणि लाकडी गोलाई काढून टाकली, नुसते आरे उरले. असं चाक ढकललं तर ते एका आऱ्यावरून दुसऱ्या आऱ्यावर पडत पडत जाईल आणि प्रत्येक वेळी जमिनीला ‘धप्प’ असा दणका बसेल. माणसाचे पाय म्हणजे असे दोनच आरे, आळीपाळीने वापरलेले. प्रत्येक वेळी टाच टेकते तेव्हा खाली येणाऱ्या शरीराची दिशा बदलून त्याला पुन्हा वर चढवावं लागतं. खर्चाचा मोठा वाटा इथे आहे.

हा दणका कमी करण्याची युक्ती मागच्या पायात आहे. पुढची टाच टेकायच्या क्षणभर आधी मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटा देतो. पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची जाड दोरीसारखी कंडरा यात काम करतात. कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि नेमक्या वेळी सुटते. याच कल्पनेवर अमेरिकेत घोट्याला बांधायचं एक हलकं साधन बनवलं गेलं. त्यात मोटर नाही, बॅटरी नाही, नुसती स्प्रिंग आणि एक अटकवणारी कळ. ‘नेचर’मध्ये २०१५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार त्याने चालण्याचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाला. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीनंतरही ७ टक्क्यांची फट शिल्लक होती म्हणायची.

हातांचं हलणंही उगाच नसतं. उजवा पाय पुढे जाताना डावा हात पुढे येतो आणि धडाला बसणारा पीळ सावरतो. २००९ च्या एका प्रयोगात लोकांना दोन्ही हात अंगाला धरून चालायला लावलं, तेव्हा खर्च १२ टक्क्यांनी वाढला. दोन्ही हातांनी मोबाइल धरून टाइप करत चालणारे हा भुर्दंड भरत असतात. (समोरचा खड्डा दिसत नाही तो भुर्दंड निराळा.)

मिरवणुकीत पाय का दुखतात?

चालण्याच्या वेगाचा आणि खर्चाचा आलेख काढला तर तो वाटीसारखा दिसतो. मध्ये खोल, दोन्ही कडांना उंच. बसून राहण्याची ऊर्जा धरून, दर किलोला दर किलोमीटरला ढोबळ आकडे असे येतात: ताशी ३ किलोमीटरच्या आसपास ०.८५ ते ०.९, ताशी ५ च्या थोडं आत ०.७, ताशी साडेसहाला जवळजवळ ०.८ आणि ताशी सव्वासातला ०.९५ च्या पुढे. वाटीचा तळ ताशी साडेचार ते पाच किलोमीटरला आहे. आणि विशेष म्हणजे कोणी घाई केली नाही, तर बहुतेक माणसं आपणहून याच वेगाच्या जवळपास चालतात.

फार हळू चाललं की दोन नुकसानं होतात. तेच अंतर कापायला जास्त वेळ लागतो आणि त्या वेळात शरीराचा स्थिर खर्च चालूच राहतो. शिवाय लंबकाची लय मोडते, वेगातून उंची मिळत नाही आणि प्रत्येक पाऊल स्नायूंना स्वतंत्रपणे उचलावं लागतं.

रोह्यात दसऱ्याला ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. अशा पालखीबरोबर दिवसभर फिरलेल्या माणसाला विचारलं, तर तो सांगेल की अंतर फारसं नव्हतं, पण पाय भरून आले. दोन पावलं पुढे, थांबणं, पुन्हा दोन पावलं. पेणच्या गणपतीच्या मिरवणुकीतही तेच. गणपती पाटावर घेऊन जाणाऱ्याची तर दोन्हीकडून पंचाईत, कारण त्याचे हातही अडकलेले आणि वजन शरीराच्या पुढे. पुढे धरलेलं वजन सावरायला कमरेचे स्नायू सतत ताठ ठेवावे लागतात.

फार जोरात चालण्याला तर पक्की हद्द आहे. उलट्या लंबकावरून जाताना शरीर एका वर्तुळाच्या कमानीवरून जात असतं. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गुरुत्वाकर्षण शरीराला त्या कमानीवर धरून ठेवू शकत नाही, पाय जमिनीवरून सुटतो. ही मर्यादा पायाच्या लांबीवर ठरते. ९० सेंटिमीटर लांबीच्या पायाला ती ताशी साडेदहा किलोमीटरच्या थोडी वर येते, पण माणसं त्याच्या खूप आधी, ताशी सात-साडेसातलाच चालणं सोडून पळू लागतात. अर्ध्या मीटर लांबीच्या पायाच्या लहान मुलाला हाच बदल ताशी साडेपाचच्या आसपास करावा लागतो. बाजारात आईचा हात धरलेलं पोर मध्येच दुडकं धावतं ते खोडकरपणाने नव्हे. आईसाठी जी झपझप चाल, ती त्याच्यासाठी चालण्याची हद्द ओलांडलेली असते.

अवचितगड: चढ मोजून घ्या

चढ लागला की मघाचा शून्याचा घोळ संपतो. वर चढताना शरीर खरोखर उचललं जातं, म्हणजे उपयोगी काम होतं आणि कार्यक्षमता काढता येते.

रोह्याजवळ अवचितगड आहे. मेढे, पिंगळसई या गावांकडून वर वाटा जातात. चढाई ढोबळमानाने ३०० मीटर धरू. ६० किलोचा माणूस ३०० मीटर उचलायला लागणारं यांत्रिक काम सुमारे ४२ किलोकॅलरी. पण स्नायूंची चढावरची कार्यक्षमता जास्तीत जास्त २५ टक्के असते, म्हणजे चार रुपये खर्चले की एक रुपयाचं काम पदरात पडतं आणि बाकीचे तीन उष्णतेत जातात. अंगाला घाम येतो तो याच तीन रुपयांचा. त्यामुळे गड चढायला किमान १७० किलोकॅलरी लागतात. सपाटीवर एवढ्यात तो माणूस साडेपाच किलोमीटर चालला असता.

उतरताना हिशेब उलटतो. आता मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात, ताणले जात जात शरीराला धरून ठेवतात. हे काम ऊर्जेच्या दृष्टीने फार स्वस्त असतं, तीव्र उतारावर चढाच्या साधारण पाचव्या हिश्शात भागतं. दम लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी संडासला बसताना मांड्या बोंबलतात त्या चढामुळे नव्हे, उतारामुळे. ताणले जाता जाता जोर लावल्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. स्वस्तातलं काम असं मागाहून महागात पडतं.

चढ किती तीव्र असावा यालाही उत्तर आहे. वाट फार सौम्य असेल तर उंची गाठायला लांबलचक चालावं लागतं आणि त्या आडव्या अंतराचा खर्च वाढतो. वाट फार उभी असेल तर तोल सांभाळण्यात जोर जातो. अल्बेर्तो मिनेत्ती या इटालियन संशोधकाने मोजमाप करून दाखवलं की, एक मीटर उंची सगळ्यात कमी खर्चात गाठायची असेल, तर दर चार मीटर आडव्या अंतराला एक मीटर चढ बरा पडतो. आल्प्समधल्या जुन्या डोंगरवाटा याच उताराच्या आसपास सापडतात. सह्याद्रीच्या घाटवाटा ज्यांनी पाडल्या त्यांच्याकडेही ट्रेडमिल नव्हती, पण बैल आणि हमाल होते आणि वाट चुकली की ते लगेच कळवत. गाड्यांचे घाटरस्ते याहून खूप सौम्य असतात. म्हणूनच हायवेच्या वळणांनी पायी वर जाणं कंटाळवाणं होतं आणि पायवाट नेहमी ती वळणं कापत जाते.

जमीन कशी आहे यानेही मोठा फरक पडतो. कोरड्या वाळूत चालायला टणक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असं १९९८ सालच्या एका अभ्यासात आढळलं. पाऊल जमिनीला जो रेटा देतं, त्यातला मोठा भाग वाळू बाजूला सारण्यातच जातो. पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात बांधावरून चालणाऱ्याच्या बाबतीत हेच होतं. शिवाय रुतलेलं पाऊल उपसावं लागतं आणि पायाला चिकटलेला चिखल उचलावा लागतो. पायावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कित्येक पटींनी महाग पडतं, कारण ते प्रत्येक पावलाला झुलवावं लागतं. चिखलात चपला हातात घेणारा शेतकरी अगदी बरोबर वागतो.

डोक्यावरची मोळी खरंच फुकट जाते का?

आता या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात जास्त चुकीचा सांगितला जाणारा भाग.

‘नेचर’मध्ये १९८६ साली एक छोटा लेख आला. केनियातल्या लुओ आणि किकुयू समाजाच्या बायकांना डोक्यावर किंवा कपाळाच्या पट्ट्याने ओझं देऊन ट्रेडमिलवर चालवलं आणि त्यांनी किती प्राणवायू वापरला ते मोजलं. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्यांनी जास्तीची ऊर्जा न वापरता वाहिलं. म्हणजे ५० किलोच्या बाईला १० किलो जणू फुकट. त्यापुढे मात्र खर्च वाढत गेला. १९९५ साली त्याच मंडळींनी कारणही मांडलं: ओझं घेतल्यावर या बायकांचा उलटा लंबक आणखी चांगला झुलतो, वेग आणि उंची यांची अदलाबदल अधिक पूर्ण होते.

२००५ साली ‘सायन्स’मध्ये नेपाळी हमालांवरचा अभ्यास आला. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजाराकडे माल नेणारे पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि बायका ६६ टक्के ओझं नेत होत्या, कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर पेललेलं. तेही कमी खर्चात. त्यांची रीत साधी होती: सावकाश चालायचं, वारंवार थांबायचं आणि काठीवर ओझं टेकवून उभ्याउभ्या विसावा घ्यायचा.

इथपर्यंतची गोष्ट सोशल मीडियावर फिरते. पुढची फिरत नाही. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांवर झालेल्या अभ्यासात डोक्यावरचं ओझं पाठीवरच्या ओझ्यापेक्षा सरसकट स्वस्त पडतं, असं दिसलं नाही. काही बायकांना ते स्वस्त पडलं, काहींना महाग. वर्षानुवर्षांची सवय असूनही. मानेचं दुखणं ही तक्रार तर वेगळीच होती. पहिल्या अभ्यासातल्या बायका मोजक्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांमधून कातकरी आणि ठाकर बायका सरपणाची मोळी, रानभाज्या घेऊन पायी उतरताना दिसतात. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर ओझं, एक हात वर आणि दुसरा झुलता. त्यांची चाल खरोखर पाहण्यासारखी असते. डोकं जवळजवळ एका रेषेत सरकतं, सगळा चढउतार कमरेखाली मुरतो. चुंबळीने वजन टाळूच्या एका बिंदूवर न येता गोलावर पसरतं आणि मणक्याच्या बरोबर रेषेत येतं. पण ‘त्यांना सवयच असते, काही वाटत नाही’ असं म्हणणाऱ्याने एकदा आकडे मांडून पाहावेत. सरपणाची मोळी १० किलोची नसते. भरलेल्या हंड्यावर कळशी चढवली की १५ ते २० किलो होतात. ५० किलोच्या बाईच्या वजनाच्या हे ३० ते ४० टक्के. केनियातला सगळ्यात अनुकूल निष्कर्ष जसाच्या तसा लावला तरी त्यातला निम्मा किंवा त्याहून जरा जास्तच भाग ‘फुकट’ ठरतो. बाकीचा तिच्या जेवणातून जातो, आणि वाट चढाची असेल तर ‘फुकट’ असं काही उरतच नाही. चढावर प्रत्येक किलो उचलावाच लागतो.

खांद्यावरच्या कावडीचाही असाच एक समज आहे, की लवचिक बांबूमुळे ओझं हलकं होतं. १९९१ साली अमेरिकेत लवचिक दांड्या घेऊन धावणाऱ्यांवर हे तपासलं गेलं. ऊर्जा वाचली नाही, पण खांद्याला बसणारा कमाल दणका बराच कमी झाला. म्हणजे बांबू दमणं वाचवत नाही, खांदा वाचवतो. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या वाड्यांमधून रुग्णाला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या रायगडातून दरवर्षी येतात. तिथेही दांडा बांबूचाच असतो, पण ओझं ५०-६० किलोचं, वाट निसरडी आणि उतार तीव्र. दोन माणसांची पावलं जुळवायची म्हटली की दोघांचीही नैसर्गिक लय मोडते. अशा वाटेवर खांदेकरी बदलत राहावे लागतात, म्हणून एका रुग्णामागे आठ-दहा जण निघतात.

स्वतःची चाल मोजता येते का?

प्रयोगशाळेत यासाठी बराच सरंजाम लागतो. जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेटवर पाऊल पडलं की किती जोर कोणत्या दिशेने पडला ते कळतं. सांध्यांवर चमकणारे ठिपके चिकटवून चहूबाजूंच्या कॅमेऱ्यांनी हालचाल टिपतात. तोंडावरच्या मास्कमधून वापरलेला प्राणवायू मोजतात, कारण ऊर्जेचा खरा हिशेब तिथेच लागतो. स्नायू कधी चालू आणि कधी बंद होतात ते ईएमजीचे पट्टे सांगतात.

पण यातलं काहीही नसताना एक साधं माप काढता येतं. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते पुढे आलं आणि फिजिओथेरपिस्ट ते आजही वापरतात. आधी पाच मिनिटं शांत बसून नाडीचे ठोके मोजायचे. मग सपाट जागेवर, मोजलेल्या अंतरात, आपल्या नेहमीच्या वेगाने पाचेक मिनिटं चालायचं आणि शेवटी पुन्हा ठोके मोजायचे. दोन्हींतला फरक काढून त्याला चालण्याच्या वेगाने (मिनिटाला किती मीटर) भागायचं.

समजा बसलेले असताना ठोके ७५, चालण्याच्या शेवटी १०५ आणि पाच मिनिटांत ३७५ मीटर अंतर. वेग झाला मिनिटाला ७५ मीटर. ३० भागिले ७५ म्हणजे ०.४. अर्थ असा की प्रत्येक मीटर पुढे जायला हृदयाने ०.४ ठोका जास्तीचा दिला. निरोगी प्रौढांचा आकडा बहुधा ०.३ ते ०.४ च्या आसपास येतो. दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा स्वतःचाच आकडा महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा काढून पाहणं जास्त उपयोगी. ठोके मंदावणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील तर हे माप फसतं, आणि चालताना छातीत दुखत असेल तर मोजमाप सोडून आधी डॉक्टरकडे जावं.

नुसता वेगसुद्धा बरंच सांगतो. २०११ साली ३४ हजारांहून अधिक ज्येष्ठ नागरिकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चालण्याचा नेहमीचा वेग आणि पुढच्या वर्षांतलं आयुष्य यांचा स्पष्ट संबंध दिसला. चालायला हृदय, फुप्फुसं, मेंदू, नसा, सांधे आणि स्नायू एकाच वेळी लागतात. यातलं काहीही कुरकुरलं की वेग उतरतो.

या मोजमापाचा खरा उपयोग होतो तो ज्यांची चाल मोडली आहे अशांसाठी: पक्षाघाताचे रुग्ण, पोलिओने पाय गेलेले, अपघातात किंवा मधुमेहात पाय कापावा लागलेले. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, तर मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून अशा रुग्णांना पुन्हा उभं करण्याचं काम करत आली आहे. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाला कृत्रिम पायाने तेच अंतर चालायला जास्त ऊर्जा लागते, गुडघ्याच्या वर कापला असेल तर आणखी जास्त. घोट्याचा तो नेमक्या वेळचा रेटा गेलेला असतो आणि गुडघ्याचं नियंत्रणही गेलेलं असतं.

पण अशा रुग्णांचा मिनिटाचा खर्च मोजला तर तो निरोगी माणसाच्या जवळपासच निघतो. फरक पडतो तो वेगात. शरीर दर मिनिटाला जाळायचं इंधन तेवढंच ठेवतं आणि त्यात जेवढं अंतर बसेल तेवढंच चालतं. म्हणून घरच्यांनी ‘जरा भरभर चाल’ म्हणून मागे लागलं की असा माणूस शंभर मीटरवर धापा टाकू लागतो. त्याने निवडलेला संथ वेग हा त्याच्यापुरता वाटीचा तळच असतो. तो तळ थोडा पुढे सरकवायचा तर पायाची मापं, सॉकेटची बसण, घोट्याचा कोन आणि कमरेच्या स्नायूंची ताकद यांवर काम करावं लागतं. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन चिकटपट्ट्यांमध्ये पुन्हा चालायला लावतात आणि घड्याळ लावतात.